सोनिकाच्या डाव्या हातातली फुलं

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रांजलीचा उजवा हात मोडला. मनगटापाशी. ग्वाल्हेरच्या फूलबाग चौकात गाय आडवी आली आणि स्कूटी घसरली. बाकी कुठे खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलंय. सहा आठवडे म्हणजे लग्नांचा ऐन हंगाम.

चौकाच्या जरा पुढेच तिचं दुकान आहे. दीड वर्ष झालं उघडून. नवऱ्या मुलींनी हातात धरायचे फुलांचे गुच्छ ती बनवते, बस, दुसरं काही नाही. आमच्या वेळी नवरीच्या हातात हार असायचा, आता साखरपुड्याला गुच्छ, रिसेप्शनला गुच्छ. प्लास्टर ओलं असतानाच पोरगी बोलली, "बाबा, तुम्ही चला ना दुकानात. फक्त माझा उजवा हात म्हणून. मी सांगेन तसं करायचं."

मी बोललो, मला काय कळतं त्यातलं.

"तुम्हाला जमेल," ती म्हणाली. अगदी खात्रीने. कशावरून म्हणाली कोण जाणे.

प्रांजलीची आई, विमल, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दूध, दवाखाना आणि हरिशंकरपुरमची बाग, याच्या पलीकडे मी फारसा गेलेलो नाही. पण पोरीची अडचण आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? हो म्हटलं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. फौजेत मी मेस हवालदार होतो. शेवटची अकरा वर्षं ऑफिसर लोकांच्या टेबलावरची फुलं मी लावायचो. घरी सांगायचो की स्टोअर सांभाळतो. आमच्या घराण्यात पाच पिढ्या सैनिक, आणि मी ग्लॅडिओलसच्या काड्या कापतोय हे थोरल्या कुसुमताईला कळलं असतं तर? एकट्या विमलला माहीत होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिला गुच्छ. फजिती.

पांढरी शेवंती, मधे लाल गुलाब, कडेने अशोकाची पानं, घट्ट आणि गोल. मला तर छानच वाटत होता. नवऱ्या मुलीची आई आली, तिने बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली. "भाई साहब, ये तो किसी की समाधि पर चढ़ाने वाला लग रहा है।"

तिचं बरोबरच होतं. माझे हात आपोआप पुष्पचक्र बनवत गेले. शहीद स्मारकावर ठेवतात तसलं.

प्रांजलीला हसू आवरेना. हसत हसतच तिने डाव्या हाताने सगळं सोडवलं आणि मी पुन्हा बांधलं. मुलीची आई दुसरा घेऊन गेली, पण जाताना दोनदा वळून बघितलं.

उद्या जावं की नाही?

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो. रोज जातोय.

आज मला एक सापडलं. प्रांजली मोबाईलवर मोठमोठ्या गुच्छांचे फोटो दाखवते, तीस गुलाब, चाळीस गुलाब, वरून जाळी, मोती, चमकी. ते हातात घेतलेली नवरी बघितली तर गळ्यापर्यंत फुलंच फुलं. मेसमध्ये सुभेदार साहेबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, टेबलावरची फुलं इतकी खाली ठेव की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. नवरीच्या बाबतीतही तेच आहे ना? लोक तिला बघायला येतात.

म्हणून आज एका मुलीला फक्त सात पांढरे गुलाब दिले. भोवती तुळशीच्या मंजिऱ्या, दांड्यांना रेशमी फीत, दुसरं काही नाही. प्रांजली म्हणाली, "बाबा, खूप कम नाही वाटत?" मी म्हटलं, तिच्या हातात दे मग बघ. मुलगी आरशासमोर उभी राहिली. गुच्छ छातीशी धरला होता. मी सांगितलं, "बेटा, खाली. बेंबीपाशी. कोपर ढिलं. सावधान नहीं, विश्राम!"

ती हसली, खांदे खाली आले आणि एकदम सुंदर दिसायला लागली. प्रांजली माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे का भरले कळलं नाही. हात ठणकत असणार. गोळी घ्यायला लावली.

३० नोव्हेंबर, रविवार

व्हायचं तेच झालं. कुसुमताई दुकानात आली. माझी मोठी बहीण, वय त्र्याहत्तर, आवाज अजून परेड ग्राउंडवर पुरेल असा. मी खाली बसून गुलाबाचे काटे काढत होतो.

"महिपत! हे काय?"

"काटे काढतोय, ताई."

"ते दिसतंय मला. मोहनेंच्या घरी हळदीकुंकवाला कुणी विचारलं तुझा भाऊ काय करतो, तर काय सांगू? वेण्या गुंफतो?"

मी पुढचा काटा काढला. प्रांजली मात्र बोलली, "आत्या, माझा हात बरा होईपर्यंतच आहेत बाबा. मजबुरी आहे."

ताई जरा थंड झाली. मजबुरी तिला समजते. चहा पिऊन गेली, पण जाताना काचेतला निशिगंधाचा गुच्छ वाकून बघत होती. मी पाहिलं.

खरं सांगायचं तर मजबुरी हा शब्द मला लागला. का लागला? तेच तर खरं आहे. प्लास्टर निघालं की माझी सुट्टी.

८ डिसेंबर, सोमवार

आज एक मुलगी आली. सोनिका. मुरारच्या शाळेत संगीत शिकवते. दहा जानेवारीला तिथल्याच चर्चमध्ये तिचं लग्न आहे. तीन वर्षांपूर्वी अपघातात डावा पाय गेल्यातच जमा होता, वाचला, पण जोर नाही. उजव्या हातात छडी घेऊन चालते. बरोबर तिचे वडील होते, शांत माणूस, सगळा वेळ टोपी हातात धरून बसले होते.

ख्रिश्चन लग्नात नवरी गुच्छ घेऊन चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालत जाते. सगळे उभे राहून बघतात. सोनिका म्हणाली, चार दुकानं फिरून आलेय. सगळीकडे मोठा गोल गुच्छ दाखवतात, तो धरायला दोन हात लागतात. एकाने सांगितलं व्हीलचेअर सजवून देतो.

प्रांजलीने खूप आपुलकीने सुचवलं, "छड़ी पर ही फूल लपेट दें? किसी को पता भी नहीं चलेगा।"

सोनिकाचा चेहरा उतरला. मी समोरच होतो, मला दिसलं.

"दीदी, छड़ी छिपानी नहीं है," ती म्हणाली. "तीन साल में इससे चलना सीखा है। पापा का हाथ पकड़ के भी नहीं जाऊँगी। पापा साथ चलेंगे, बस। मुझे खुद चल के जाना है। और फूल भी चाहिए, जैसे सबके होते हैं।"

प्रांजली बिचारी लाजून लाल झाली होती.

मी उठलो. बादलीत निशिगंधाच्या लांब दांड्या होत्या, त्यातल्या पंधरा-वीस घेतल्या, तशाच, न कापता. तिला म्हटलं डावा हात वाकव, तान्हं मूल घेतात तसा. आणि कोपराच्या खोबणीत दांड्या आडव्या ठेवल्या. फुलं खांद्याच्या बाजूला, दांड्या खाली लोंबणाऱ्या. पकडायचं काहीच नाही. नुसतं तोलायचं.

"अब चलो।"

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. छडी, पाऊल, छडी, पाऊल. फुलं तिच्या चालीबरोबर हलत होती. आरशासमोर थांबली. वडिलांनी टोपी घातली, काढली, परत घातली.

"अंकल, थोड़ा भारी है," ती शेवटी म्हणाली.

मी पाच दांड्या काढल्या. ती परत चालली. आणखी तीन काढल्या. अकरावर येऊन थांबलो. अकराव्या खेपेला… नाही, खेपा मोजल्या नाहीत, उगाच लिहिलं. पण शेवटच्या खेपेला ती छडीकडे न बघता चालत आली, सरळ समोर बघत. बस. तेव्हा कळलं की झालं.

१४ डिसेंबर, रविवार

सोनिका रोज शाळा सुटल्यावर येते. दुकानासमोरच्या पट्टीत सराव करतो. फुलांऐवजी अकरा बांबूच्या काड्या. मी पावलं म्हणतो, ती चालते. समोरचा कचोरीवाला बोलला, फौजी साब, भरती चल रही है क्या?

उद्यापासून खरमास. संक्रांतीपर्यंत हिंदू लग्नं नाहीत. दुकान शांत असेल. मला काही शांत बसवेना, म्हणून चर्चमध्ये जाऊन अंतर मोजून आलो. तिच्या पावलांनी एकोणचाळीस पावलं.

२७ डिसेंबर, शनिवार

प्लास्टर निघालं. मी गाडी लावत होतो तेवढ्यात प्रांजली एकटीच डॉक्टरांकडे आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला होता. मला बघितलं आणि गंभीर झाली.

"काय म्हणाले?"

"हाड जुळलंय, बाबा. पण… जपायला सांगितलंय. महिना, दीड महिना. जोर नाही द्यायचा."

मी म्हटलं मी आत जाऊन विचारून येतो, व्यायाम काय करायचा ते. तर म्हणाली, "नको नको, पेशंट बसलेत बाहेर किती." दुसऱ्यांचा विचार करते पोरगी. आईवर गेलीय.

म्हणजे आणखी दीड महिना दुकान मलाच बघावं लागणार. वाईट वाटलं तिच्यासाठी. रात्री दोन वाट्या वरण जास्तच जेवलो, का ते माहीत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. कडाक्याची थंडी, सकाळी समोरचं घर दिसत नव्हतं इतकं धुकं.

लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याच्याने उघडेना. कापड धरून बघितलं, चुलीवर शेकून बघितलं. मी टॉवेल आणायला गेलो तेवढ्यात प्रांजलीने उघडून ठेवलं. म्हटलं, अगं हात! तर बोलली, "तुम्हीच ढिलं केलं होतं." असेलही.

सहन करते, बापाला दाखवत नाही. तिला सक्त ताकीद दिली, बादली उचलायची नाही, कैची धरायची नाही. ती हो हो म्हणाली आणि तिळाच्या गजकचा तुकडा तोंडात टाकून दुसरीकडे बघायला लागली.

९ जानेवारी, शुक्रवार

संकट.

जानेवारीच्या थंडीत इथे निशिगंध चांगला मिळत नाही, म्हणून सोनिकासाठी दिल्लीहून मागवला होता. काल यायचा तो आज दुपारी आला. धुक्यात गाडी रखडली, खोका कुठेतरी उघड्यावर पडून राहिला असणार. उघडला तर सगळ्या कळ्या तपकिरी, पाण्यात शिजवल्यासारख्या. एकसुद्धा दांडी कामाची नाही.

लग्न उद्या सकाळी अकराला.

प्रांजलीने सगळीकडे फोन लावले. गुलाब मिळतात, शेवंती मिळते, पण सगळ्यांच्या दांड्या आखूड. आखूड दांडी कोपरात बसत नाही. मग तोच गोल गुच्छ, तीच मूठ, आणि सोनिकाचं लक्ष पावलांऐवजी फुलांवर. चार आठवड्यांचा सराव पाण्यात.

खोटं कशाला लिहू, एकदा मनात आलं की मी यात पडायलाच नको होतं.

मग गोविंद आठवला. गोविंद कुशवाह, मुरारच्या पुढे त्याचं शेत आहे, आमच्या मेसला भाजी तोच द्यायचा. जानेवारीत तो बियाण्यासाठी मुळ्याच्या काही ओळी न उपटता सोडतो. त्या मुळ्याला कमरेएवढे दांडे येतात आणि वर पांढरी फुलं, कडेला जराशी जांभळट झाक. मी एकदा ती कर्नल साहेबांच्या टेबलावर लावली होती आणि मेमसाहेबांनी विचारलं होतं, कुठल्या देशाचं फूल आहे?

"मूली?" प्रांजली ओरडलीच. "बाबा, नवरीच्या हातात मूली! पूर्ण ग्वाल्हेर हसेल. त्यांना सांगू नका निदान."

मी म्हटलं, सांगणार. फुलं तिची आहेत.

सोनिकाला फोन केला. सरळ सांगितलं, असं असं झालं, गलती आमची, आणि हा उपाय आहे. मागून तिच्या आईचा आवाज आला, "मूली? शादी है कि पराठे की दुकान?" आणि मग सोनिका हसायला लागली. थांबेचना. "अंकल, मेरे दूल्हे को तो मूली बहुत पसंद है," ती म्हणाली. "लंबी है ना? कोहनी में टिकेगी?"

मी म्हटलं, टिकेल.

"तो ले आइए।"

१० जानेवारी, शनिवार

आजचं सगळं नीट लिहितो.

सकाळी सहाला आम्ही गोविंदच्या शेतावर होतो. धुकं इतकं की आधी त्याची शाल दिसली, मग तो. फुलं कशाला पाहिजेत ऐकल्यावर त्याने मला दोनदा विचारलं, "मूली की ही बोल रहे हो ना, फौजी साब?" मग स्वतःच पुढे होऊन दवात भिजत सगळ्यात सरळ दांडे शोधून दिले. कोमट पाण्याच्या बादलीत दोन तास उभे केले. माना ताठ झाल्या. वासही चांगला, मधासारखा हलका.

साडेनऊला दुकानात बांधायला बसलो तर माझी बोटं थंडीने कामच करेनात. दांडे निसटत होते. मुळ्याचा दांडा पोकळ असतो, जास्त आवळला तर मोडतो, कमी आवळला तर घसरतो. एक मोडला. दुसरा मोडला. मोजून चौदाच आणले होते.

"द्या इकडे," प्रांजली म्हणाली. दांडे उजव्या मुठीत धरले, डाव्या हाताने फीत फिरवली, दातात टोक धरलं, उजव्या हाताने ओढून गाठ मारली. पाच मिनिटांत काम झालं. मी बघतच राहिलो. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"हो," ती हळूच म्हणाली. "थोडं."

वेळ आली की माणूस वेदना विसरतो. लढाईतही असंच होतं म्हणतात. शाबास पोरगी.

चर्चमध्ये आम्ही शेवटच्या बाकाजवळ उभे होतो. दार उघडलं. सोनिका पांढऱ्या साडीत होती, डोक्यावर जाळी. उजव्या हातात तिची छडी, जशी रोज असते तशी, तपकिरी, टोकाला रबर. डाव्या कोपरात अकरा दांडे. एका बाजूला तिचे वडील, हात मागे बांधून, कारण तिने तसं बजावलं होतं.

पियानो सुरू झाला. छडी, पाऊल. छडी, पाऊल.

मी मनात मोजत होतो. चौदाव्या पावलाला ती थांबली. वडिलांचा हात पुढे आला आणि हवेतच राहिला. पण तिचा पाय अडला नव्हता. बाकावर तिच्या वर्गातली लहान मुलं बसली होती, त्यांच्याकडे बघून हसायला ती थांबली होती! हसली, आणि पुढे निघाली. खाली एकदाही बघितलं नाही. फुलं तिच्या चालीबरोबर डुलत होती, मुळ्याची फुलं आहेत असं कुणाच्या बापाला वाटलं नसतं. माझ्या पुढच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "विदेशी होंगे।"

एकोणचाळीस पावलं ठरली होती, सदतिसातच पोचली. नवऱ्या मुलाचं नाव विहंग, तो उंच मुलगा लहान मुलासारखा डोळे पुसत होता.

अंगठ्यांच्या वेळी मैत्रिणीने फुलं घ्यायला हात पुढे केला, तर सोनिकाने मान हलवली. छडी तिच्याकडे दिली. फुलं कोपरात तशीच ठेवून, विहंगच्या आधाराने नाही, नुसती उभी राहून, तिने अंगठी घातली. हे आमच्या सरावात नव्हतं.

जेवणाच्या वेळी तिच्या आईने मला शोधून काढलं. "भाई साहब, सबको बता दिया मैंने," ती म्हणाली. "मूली है। कोई मान ही नहीं रहा।"

मी फौजेत सव्वीस वर्षं काढली. मेडल आहेत दोन. आज जे वाटलं त्याला काय म्हणतात माहीत नाही. प्रांजलीने माझा दंड धरला होता, उजव्या हाताने, आणि चांगलाच घट्ट.

१३ जानेवारी, मंगळवार

कुसुमताईचा फोन आला. मोहनेंची सून त्या लग्नाला होती म्हणे. मी कान तयार ठेवले.

"महिपत, चर्चमधली फुलं तू केलीस?"

"मी आणि प्रांजलीने."

ताई जरा खाकरली. मग, "अंतराचं लग्न आहे वीस फेब्रुवारीला." अंतरा तिची नात. "ती म्हणते आजोबांकडूनच पाहिजे. पण ऐक, मूली नाही हां. आपल्यात मूली नाही चालायची."

मी म्हटलं, ताई, मोहनेंना काय सांगणार?

"सांगेन, भाऊ फुलांचं काम करतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रांजलीला सांगितलं की तिच्या हाताचा काही भरवसा नाही, इतके दिवस झाले तरी जोर येत नाही, तेव्हा दुकानाची सकाळची वेळ कायमची माझी. तू उशिरा ये, आराम कर. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," आणि घाईघाईने आत चहा टाकायला गेली. आतून हसल्यासारखा आवाज आला. चहा उतू गेला असेल.

दुपारी गोविंदच्या शेतावर जाऊन आलो, आभार मानायला. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. उरलेल्या मुळ्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. त्याने विचारलं, "फौजी साब, अगले साल आपके लिए कितनी क़तार छोड़ दूँ?"

मी शेताकडे बघितलं. मग बांधावर चढून नीट अंदाज घेतला आणि म्हटलं, छह. और एक क़तार में धनिया भी, फूल आने तक।